राक्षसांच्या राज्यातले निसर्गनियम

मुले व्हिडिओ गेममध्ये तासन्‌तास गुंतून पडतात, याची चर्चा शिक्षकांमध्ये नेहमीच होते. पण एखादे पुस्तक किंवा नाटक आपण जसे पारखतो, तसे हे खेळ क्वचितच पारखले जातात. राक्षस, जादू आणि राजकन्या यांनी भरलेले जग मुलांना का ओढून घेते? 'ते अद्भुत असते म्हणून' हे उत्तर अपुरे आहे. निन्टेंडो या जपानी कंपनीचा २०१७ साली आलेला 'द लेजंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड' हा खेळ पाहिला, की याचे दुसरेच कारण सापडते.

या मालिकेतला पहिला खेळ १९८६चा. त्याचे एक जनक शिगेरू मियामोतो यांचे बालपण क्योतोजवळच्या सोनोबे या गावी, डोंगर आणि गुहा धुंडाळण्यात गेले. तेच कुतूहल त्यांनी खेळात आणले. २०१७च्या खेळात लिंक हा तरुण योद्धा शंभर वर्षांच्या निद्रेतून जागा होतो. त्याला काहीच आठवत नाही. समोर हायरूलचे विस्तीर्ण राज्य पसरलेले असते, आणि पुढे काय करायचे हे बहुतांशी खेळणाऱ्यानेच शोधायचे असते.

हे शोधणे शक्य होते ते नियमांमुळे. खेळाच्या निर्मात्यांनी २०१७ साली एका परिषदेत या नियमांची मांडणी समजावून सांगितली होती. आग, पाणी, बर्फ, वीज, वारा ही त्यांची 'तत्त्वे'. लाकूड, दगड, धातू, प्राणी हे 'पदार्थ'. तत्त्व पदार्थाची स्थिती बदलू शकते : आगीने लाकूड पेटते. एक तत्त्व दुसऱ्या तत्त्वाची स्थिती बदलू शकते : पाण्याने आग विझते. मात्र एक पदार्थ दुसऱ्या पदार्थाची स्थिती बदलू शकत नाही. नियम तीनच, पण ते सर्वत्र लागू. त्यामुळे गवत पेटवले की वर जाणारा हवेचा झोत तयार होतो आणि छत्रीसारखे कापड पसरून लिंक त्यावर वर चढतो. पावसात मशाल विझते. थंडीत तीच मशाल ऊब देते. खेळणारा अंदाज बांधतो, करून पाहतो, चुकतो आणि पुन्हा करून पाहतो. 'असे केले तर काय होईल?' या प्रश्नाला हे जग प्रत्येक वेळी सुसंगत उत्तर देते. त्याचे खरे आकर्षण हेच आहे. जिथे काहीही घडू शकते, तिथे अंदाज बांधण्यात मजा उरत नाही.

पात्रांचे काय? लिंक जवळजवळ बोलतच नाही, त्याची शस्त्रे मोडतात, पाऊस आला की तो कड्यावरून घसरतो. त्याच्या मर्यादांमुळेच खेळणाऱ्याला युक्ती लढवावी लागते. राजकन्या झेल्डा मात्र अभ्यासू आहे. प्राचीन यंत्रांचे संशोधन करणे तिला आवडते. राजा तिला त्यापासून मना करतो, कारण वंशपरंपरेने तिच्यात असलेली दैवी शक्ती तिने प्रार्थनेने जागवावी अशी त्याची अपेक्षा असते. अखेर तिने अभ्यासलेली यंत्रे शत्रूच्या ताब्यात जातात, आणि लिंकला वाचवताना तिची शक्ती आपोआप जागी होते.

इथे खेळाची कथा खेळाशीच विसंगत ठरते. हातातला खेळ सांगतो, 'निरीक्षण कर, प्रयोग कर'. कथा सांगते, 'सामर्थ्य रक्तात असते'. वास्तविक मरणासन्न लिंक बरा होतो तो एका प्राचीन यंत्रामुळेच. मुलीला तिचे संशोधन करू द्यावे, हे राजालाही पुढे उमगते. पण त्याची ती नोंद राजवाड्यातल्या ग्रंथालयामागे लपलेल्या एका खोलीत आहे. अनेकांना ती दिसतही नसेल. इतकी महत्त्वाची गोष्ट कपाटाआड ठेवणे, हा या उत्तम खेळाचा मोठा दोष आहे.

दुसरी सावधगिरी विज्ञानाच्या बाजूने. सुसंगत नियम म्हणजे खरे नियम नव्हेत. या खेळात वादळात हाती धातूचे शस्त्र असेल तर लिंकवर वीज पडते. ते खाली ठेवले की धोका टळतो. प्रत्यक्षात वीज कुठे पडेल हे ठरताना धातूपेक्षा वस्तूची उंची, निमुळता आकार आणि मोकळ्यावर एकटे असणे यांना अधिक महत्त्व असते. वळवाच्या पावसात उंच झाडाखाली थांबणारा माणूस हाती लोखंड नसले तरी सुरक्षित नसतो.

म्हणून हा खेळ खेळलेल्या विद्यार्थ्यांना वर्गात दोन प्रश्न जरूर विचारावेत. हायरूलमधला कोणता नियम आपल्या जगात टिकणार नाही, आणि ते कसे तपासाल? आणि बरोबर कोण होते, राजा की झेल्डा? दुसऱ्या प्रश्नावर मुलांमध्ये वाद झाला, तर तो होऊ द्यावा.