पाळकाचा संसार : ‘स्मृतिचित्रे’चे एक वाचन

‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचे मोठेपण आता कुणाला पटवून द्यावे लागत नाही. पण त्याचे वाचन बहुधा दोनच अंगांनी होते. एक, लक्ष्मीबाई टिळकांची घरगुती, मिस्कील भाषा. दुसरे, धर्मांतराचा सामाजिक इतिहास. या दोहोंच्या मध्ये एक प्रेमकथा आहे, तिच्याकडे मात्र कमी लक्ष गेले आहे. धर्मचिंतनाने झपाटलेला तरुण नवरा आणि त्याच्यावर जीव असलेली, पण त्याच्या सर्वांत मोठ्या निर्णयात वाटेकरी नसलेली बायको, अशी ही कथा आहे. धर्म वेगळे झाले म्हणून या प्रेमाला तडा गेला, असे सहसा म्हटले जाते. माझ्या मते तडा गेला तो निर्णय एकट्याने झाला म्हणून.

धर्मासाठी संसार सोडणे आपल्या भागाला नवे नाही. कड्यात अमोलकऋषींच्या नावाने शिक्षणसंस्था उभी आहे. जैन मुनीच्या वाटेवर त्याग आधी येतो. दीक्षेबरोबर घर सुटते आणि मगच धर्मकार्य सुरू होते. गोदाकाठच्या आपेगावचे विठ्ठलपंत संन्यास घेऊन गुरूच्या आज्ञेने संसारात परतले, अशी परंपरा सांगते. त्या परतण्याची किंमत रुक्मिणीबाईंनी आणि चार लेकरांनी मोजली. प्रॉटेस्टंट पाळकाची वाट या दोन्हींहून निराळी. त्याला संसार वर्ज्य नाही, पण धर्मसेवाही सुटत नाही. त्यामुळे त्याच्या घरातली ओढाताण एकदाच होऊन संपत नाही, ती रोजची होते.

कड्याच्या पश्चिमेला, एका रस्त्यावरचे नगर हे या कथेचे मुख्य ठिकाण. अमेरिकन मराठी मिशनने तिथे 1831 साली काम सुरू केले आणि तिथूनच 1842 मध्ये ‘ज्ञानोदय’ निघाले. नारायण वामन टिळकांचा जन्म 1861 चा, लक्ष्मीबाईंचा 1868 चा. लग्न झाले तेव्हा मुलगी अकरा-बारा वर्षांची होती. 10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या वेळी ते तेहतीस वर्षांचे होते. पत्नी जवळ नव्हती, मुलगा दत्तू लहान होता. ज्या माहेरी सोवळ्याओवळ्याचा कमालीचा कडकपणा होता, तिथे वाढलेल्या बाईच्या वाट्याला नवरा जिवंत असताना त्याचा वियोग आला.

समीक्षेच्या दृष्टीने पुढचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. लक्ष्मीबाई नवऱ्यामागे लगेच गेल्या नाहीत. काही वर्षे नातेवाइकांच्या आधाराने काढली. पुढे नगरला आल्या, तरी आपला आचार वेगळा राखला. पत्नीधर्म म्हणून नवऱ्याचा धर्म घेणे त्या काळी सोपे होते आणि लोकांनी ते समजूनही घेतले असते. त्यांनी ते केले नाही. आधी शिवाशिवीचा प्रश्न त्यांच्या मनात सुटला. जाती देवाने केलेल्या नाहीत, हे आतून पटले. धर्माचा प्रश्न त्यानंतर आला. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचाराने. टिळकांना जे एकट्याने ठरवावेसे वाटले, तेच त्यांनीही एकटीने ठरवले. या दांपत्याची खरी बरोबरी इथे सुरू होते.

पण ओढाताण थांबली नाही. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. घर पाहुण्यांनी, विद्यार्थ्यांनी, आश्रितांनी भरलेले असे. बालकवी ठोंबरेही याच घरात राहून गेले. परोपकार नवऱ्याचा आणि चूल बायकोची, ही विभागणी पुस्तकभर दिसते. 1917 मध्ये टिळकांनी मिशनच्या पगाराची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला, तेव्हाही उद्याच्या पिठामिठाचा विचार घरातल्या बाईलाच करावा लागला. लक्ष्मीबाई हे सारे हसत सांगतात. ते हसू म्हणजे क्षमा, असे मानण्याची घाई करू नये. प्रत्येक प्रसंगाची नोंद त्यांनी चोख ठेवली आहे. हिशेब मांडला आहे, वसुली तेवढी केलेली नाही.

पुस्तकाची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. पहिला भाग 1934 साली आला, म्हणजे टिळकांच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी. दुसरी बाजू मांडायला टिळक उरले नव्हते. घरापासून दूर असताना त्यांच्या मनात काय चालले होते, हे आपल्याला बायकोच्या डोळ्यांतूनच कळते. तरीही लेखिका नवऱ्याला खलनायक करत नाही आणि संतही करत नाही. पुस्तकभर त्या त्यांना ‘टिळक’ म्हणतात. त्या एका शब्दात आदर आहे आणि थोडे अंतरही आहे.

टिळक 1919 मध्ये गेले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते, ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. ज्या धर्मकार्याने कधीकाळी त्यांचा संसार मोडला, त्याच कार्याचा मोठा भाग अखेर त्यांच्या हातून झाला. याला पतिनिष्ठा म्हणणे अपुरे ठरेल. नवऱ्याच्या श्रद्धेवर त्यांनी स्वतःचा हक्क मिळवला होता. धर्मसेवेने घर मोडते की घडते, या प्रश्नाला ‘स्मृतिचित्रे’ सरसकट उत्तर देत नाही. पण निर्णयात घरातल्या बाईचा वाटा किती होता, हे आधी विचारा, असे ते पुस्तक बजावते.