‘बॅकअप पूर्ण झाला’ म्हणजे नेमकं काय झालं?

फील्डवर्कला निघताना ‘बॅकअप घे’ असं सगळेच सांगतात. तो परत उघडून बघायला फारसं कुणी सांगत नाही. बॅकअप सॉफ्टवेअरबद्दल माझा आक्षेप हाच आहे: कॉपी झाल्याचं ते ठळकपणे सांगतं, डेटा परत मिळेल का याबद्दल गप्प बसतं.

जव्हार-मोखाड्यात मुलाखती घेताय असं समजा. लॅपटॉप विंडोजचा, विभागात लिनक्स, गाइडकडे मॅक आणि हार्डडिस्क एकच. एनटीएफएस डिस्क मॅक नुसती वाचतो, तिच्यावर लिहीत नाही. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, म्हणजे लांब व्हिडिओ बाहेरच. एक्सफॅट तिन्हीकडे चालतं, पण टाइम मशीनला ते चालत नाही. ते डिस्क पुसायला सांगतं. घाईत ‘हो’ म्हटलं की आधीचं सगळं गेलं. जुन्या आवृत्त्या सहज परत देण्यात टाइम मशीन उत्तम आहे, पण ते मॅकपुरतंच.

विंडोजची फाइल हिस्टरी मुळात लायब्ररी आणि डेस्कटॉपसारख्या ठरावीक जागाच बघते. डी ड्राइव्हवरचं फोल्डर लायब्ररीत जोडलं नसेल, तर ते बॅकअपमध्ये येतच नाही.

मराठी फाइलनावांची गंमत वेगळीच. मॅकची जुनी एचएफएस प्लस पद्धत ‘ऱ’ हे अक्षर ‘र’ आणि नुक्ता असं फोडून साठवते. ‘कातकऱ्यांच्या मुलाखती’ हे नाव आपल्याला तेच दिसतं, पण लिनक्सला ती दोन नावं वाटतात. आरसिंक सगळं पुन्हा कॉपी करतं, आणि ‘जादा फाइल पुसा’ हा पर्याय चालू असेल तर जुनी प्रत उडवतं. नावं रोमन अक्षरांत आणि अंकांतच ठेवा. ‘१०:३०’ सारखी वेळही नको. विंडोजला कोलन (:) चालत नाही.

क्लाउडवर भिस्त ठेवायची तर रेंज हवी. शिवाय सिंक म्हणजे बॅकअप नव्हे: इथे पुसलेली फाइल तिथूनही जाते. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ती ३० दिवस राहते, मग संपलं.

इथली अनेक कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, ती थेट पावसाळ्याच्या तोंडावर परततात. हरवलेली मुलाखत पुढच्या आठवड्यात पुन्हा घेता येत नाही. म्हणून मुक्काम हलवण्याआधी दोन प्रती करा, एक फोल्डर दुसऱ्याच सिस्टिमवर उघडा, फाइलींची संख्या आणि एसएचए-२५६ जुळवा. हे जुळलं, की मगच रेकॉर्डरचं कार्ड रिकामं करा.