‘इस्क्रा’ : परांची आणि इमारत

साधन आणि साध्य यांचं नातं आज आपण एका वर्तमानपत्राच्या निमित्तानं तपासू या. ‘इस्क्रा’ म्हणजे ठिणगी. रशियन सोशल डेमोक्रॅटांचं हे पत्र. झारच्या राज्यात उघडपणे छापणं अशक्य, म्हणून पहिला अंक डिसेंबर १९०० मध्ये लाइपझिगला निघाला. पुढे म्युनिक, लंडन, जिनीव्हा असा त्याचा मुक्काम हलत गेला. पातळ कागदावरचे अंक दुहेरी तळाच्या पेट्यांतून रशियात जात. बाकूच्या गुप्त छापखान्यात ते पुन्हा छापलेही जात.

आता मुद्द्याकडे येऊ. १९०१ मध्ये लेनिननं याच पत्रात लिहिलं, की वर्तमानपत्र हे केवळ प्रचाराचं नव्हे, तर संघटनेचंही साधन आहे. दृष्टान्त दिला परांचीचा. बांधकामाभोवती परांची उभी राहते, गवंडी तिच्यावरून एकमेकांशी बोलतात, कोण काय करतंय ते सगळ्यांना दिसतं. इमारत झाली की ती उतरवायची! पत्र पोहोचवणारे, बातम्या पाठवणारे हेच उद्याच्या पक्षाचा सांगाडा होणार. विखुरलेल्या, पोलिसांनी पुन्हापुन्हा मोडलेल्या मंडळांसाठी ही कल्पना खरोखर उपयोगाची होती, हे आपण मान्य केलं पाहिजे.

पण दृष्टान्त तपासून घ्यावा लागतो. परांचीवर हुकूम कुणाचा? १९०३ च्या दुसऱ्या अधिवेशनात संपादक सहाचे तीन करायचे ठरले : प्लेखानोव, लेनिन, मार्तोव. लेनिनचा हिशेब असा : ४५ अंकांत मार्तोवचे ३९ लेख, आपले ३२, झासुलिचचे ६, अ‍ॅक्सेलरोदचे ४. आकडे बिनतोड वाटतात, नाही का? मार्तोवनं मात्र नव्या मंडळात बसायला नकार दिला. काही महिन्यांतच प्लेखानोवनं जुन्यांना परत घ्यायचं ठरवलं, लेनिन बाहेर पडला आणि पत्र मेन्शेविकांकडे गेलं. बोल्शेविकांना वर्षभरानं जिनीव्हातच ‘व्पेर्योद’ हे वेगळं पत्र काढावं लागलं.

या सगळ्यात पेटीत अंक घालून सरहद्द ओलांडणाऱ्या माणसाला कुणी विचारलं? अधिवेशनाला प्रतिनिधी होते, मतदानही झालं. पण मतानं ठरलेलं मंडळ परदेशातल्या चार-सहा जणांच्या रुसव्याफुगव्यांत बदललं. वाचकाला कार्यकर्ता केलं, हे ‘इस्क्रा’चं यश. त्या कार्यकर्त्याला निर्णयातला भागीदार करणं मात्र राहून गेलं. गुप्ततेची अडचण खरी होती, तरी तिनं सगळं समर्थन होत नाही. १९०४ मध्ये रोझा लक्झेम्बुर्गनं अतिकेंद्रीकरणावर टीका केली, आणि गंमत म्हणजे तीही ‘इस्क्रा’तच छापून आली, अर्थात तेव्हा पत्र लेनिनच्या हाती नव्हतं.

परांची उतरवायची असते, एवढं लेनिनला ठाऊक होतं. ती कधी उतरवायची, हे घरात राहणाऱ्यांनी ठरवायचं की बांधणाऱ्यांनी, हा प्रश्न आपण पुढच्या व्याख्यानात घेऊ.