तीनशे कोटी : कशाचं प्रमाण?

(कन्नड येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय कळल्यावर दोघा-तिघांनी आम्हाला विचारलं, सर, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसानं कार्टूनच्या गल्ल्यावर काय बोलायचं? प्रश्न रास्त आहे. पण गल्ला हा आज आपल्याकडे युक्तिवाद म्हणून वापरला जातो. आणि युक्तिवाद कुठेही दिसला की तो तपासून पाहणं हे आमचं जुनं काम आहे. तेवढंच आज करू.

उदाहरण ताजं आहे. २५ जुलै २०२५ रोजी 'महावतार नरसिंह' हा ॲनिमेशनपट प्रदर्शित झाला. दिग्दर्शक अश्विन कुमार, सादरकर्ते होम्बाळे फिल्म्स. पहिल्या दिवसाची कमाई दोन कोटींच्याही आत होती. पुढे लोकांनी लोकांना सांगितलं, लेकरांना घेऊन घरंच्या घरं गेली, आणि बघता बघता जगभरातल्या कमाईचा आकडा तीनशे कोटींच्या पुढे गेल्याचं जाहीर झालं. भारतीय ॲनिमेशनपटानं इतका गल्ला याआधी कधी जमवला नव्हता. शिवाय हा एकटा चित्रपट नाही. दशावतारांवर सात चित्रपटांची मालिका जाहीर झाली आहे. २०२७ मध्ये परशुराम, आणि शेवटचा कल्की २०३७ मध्ये. म्हणजे आज जे लेकरू पाच वर्षांचं आहे, ते कॉलेजात जाईपर्यंत ही मालिका चालणार.

यावर दोन विधानं आपण सगळ्यांनी ऐकली. एक : तीनशे कोटी झाले, म्हणजे चित्रपट उत्तमच असणार. दुसरं : तीनशे कोटी झाले, हा श्रद्धेचा विजय आहे. दोन्ही विधानांत 'म्हणजे' किंवा 'हा' अशा एका लहानशा शब्दावर सगळा भार टाकलेला आहे. तो भार त्या शब्दाला पेलतो का, हे बघायचं.

आपल्या न्यायदर्शनानं ज्ञानाची चार साधनं मानली : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. तीनशे कोटी आपण डोळ्यांनी पाहिले नाहीत, म्हणजे प्रत्यक्ष नाही. आपल्यासाठी ते शब्दप्रमाण आहे. कुणीतरी सांगितलं म्हणून आपण मानतो. पण नैयायिकांनी इथे एक अट घातली. सांगणारा आप्त पाहिजे. आप्त म्हणजे ज्याला गोष्ट जशी आहे तशी ठाऊक आहे, आणि जशी आहे तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे. आता चित्रपटाच्या कमाईचा आकडा कोण सांगतं? एक तर निर्माता, ज्याला तो मोठा दिसायला हवा असतो. नाहीतर व्यापारी वार्ताहर, जे थिएटरांकडून मिळेल त्या माहितीवर अंदाज बांधतात. एकाकडे ज्ञान आहे पण स्वार्थही आहे. दुसऱ्याकडे स्वार्थ कमी असेल, पण पुरतं ज्ञान नाही. हा आकडा खोटा आहे असं आमचं म्हणणं नाही. तो कुठून आला हे विचारल्याशिवाय तो प्रमाण होत नाही, इतकंच.

बरं, आकडा अगदी खरा धरू. तो कशाचा आहे?

समजा, मॉलमधल्या मल्टिप्लेक्समध्ये तुम्ही २३६ रुपयांचं तिकीट काढलं. हे २३६ रुपये ग्रॉसमध्ये मोजले जातात. त्यातले ३६ रुपये जीएसटी, ते सरकारचे. उरले २००, ते नेट. त्यातला साधारण निम्मा वाटा थिएटरवाल्याचा, आणि आठवडे जातील तसा त्याचा वाटा वाढत जातो. उरलेले शंभर-एक रुपये वितरकाकडे. त्यातून जाहिरात, वितरणाचा खर्च आणि कमिशन वजा झालं की मग निर्मात्याचा नंबर. वर्तमानपत्रात एक दिवस ग्रॉस छापून येतो, दुसऱ्या दिवशी नेट, तिसऱ्या दिवशी 'वर्ल्डवाइड'. आणि आपण तिघांना एकाच नावानं हाक मारतो : 'कमाई'. शेतकरी मंडळी बसली आहेत इथे, त्यांना हे चटकन समजेल. बाजार समितीत पुकारलेला भाव, हमाली-तोलाई कापून हातात पडलेली पट्टी, आणि बी-बियाण्याचा खर्च जाऊन घरात आलेला पैसा, या तिन्हींना कुणी 'उत्पन्न' म्हणून एकत्र मोजलं तर तुम्ही त्याला हसाल. (हशा)

आणि ज्यांनी संगणकापुढे बसून एकेक चौकट हलवली, त्या चित्रकार पोरांचं काय? ती बहुतेक पगारावर किंवा कंत्राटावर असतात. दोन कोटी झाले काय आणि तीनशे झाले काय, त्यांच्या महिन्याच्या पाकिटात फरक पडत नाही.

आता दुसरा भाग. हा तिकीटबारीचा आकडा ॲनिमेशनपटाच्या बाबतीत विशेष अपुरा का आहे? कारण या चित्रपटांचं खरं आयुष्य थिएटरबाहेर जातं.

अमेरिकेत हे फार लवकर ओळखलं गेलं. डिस्नीचा 'स्नो व्हाइट' १९३७ चा. १९४४ पासून १९९३ पर्यंत तो दर काही वर्षांनी पुन्हा थिएटरात आणला गेला. मुलांची नवी पिढी आली की जुना चित्रपट नवा होतो, हे त्यामागचं गणित. १९९४ मध्ये तो पहिल्यांदा घरच्या व्हिडिओ कॅसेटवर दिला. 'लायन किंग' १९९४ मध्ये थिएटरात आला, पुढच्या वर्षी त्याची कॅसेट निघाली आणि ती तीन कोटींच्या आसपास खपली. त्याच सुमारास 'अलादीन'चा पुढचा भाग, 'द रिटर्न ऑफ जाफर', थिएटरात न आणता थेट कॅसेटवर काढला गेला. तिकीटबारीवर त्याची कमाई शून्य, आणि धंदा मात्र तुफान. बारी हेच एकमेव प्रमाण मानलं, तर हा चित्रपट अस्तित्वातच नाही असं म्हणावं लागेल!

पण घरच्या व्हिडिओचा आकडा तरी निखळ असतो का? 'श्रेक २' बघा. २००४ मध्ये त्यानं जगभरात ९० कोटी डॉलरहून जास्त गल्ला केला. वर्षअखेरीला डीव्हीडी निघाली, दुकानं भरून गेली. आणि २००५ च्या मे महिन्यात ड्रीमवर्क्स ॲनिमेशनला सांगावं लागलं की तिमाहीची कमाई अपेक्षेपेक्षा कमी आहे, कारण न खपलेल्या डीव्हीडी दुकानदारांकडून परत येत आहेत. दुकानात पाठवलेला माल आणि गिऱ्हाइकानं घरी नेलेला माल, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेअर बाजाराला हा साधा भेद महागात कळला.

आता आपल्याकडे येऊ. २००५ च्या दिवाळीच्या तोंडावर 'हनुमान' आला. दिग्दर्शक व्ही. जी. सामंत आणि मिलिंद उके. पूर्ण लांबीचा भारतीय ॲनिमेशनपट थिएटरात चालू शकतो हे त्यानं दाखवलं. २००७ मध्ये अनुराग कश्यप यांनी 'रिटर्न ऑफ हनुमान' केला. त्याच वर्षी शेमारूनं 'बाल गणेश' काढला आणि पुढे त्याचे आणखी भागही आले. शेमारू ही मुंबईची कंपनी १९६२ मध्ये फिरतं वाचनालय म्हणून सुरू झाली होती. पुस्तकं भाड्यानं द्यायची. पुढे व्हिडिओ कॅसेट भाड्यानं देऊ लागली, मग स्वतः व्हिडिओ विकू लागली. म्हणजे 'बाल गणेश' ज्या घरातून निघाला, त्या घराला थिएटरपेक्षा दिवाणखाना जास्त ठाऊक होता. आणि त्याच २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीनं २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी बाजारात आणली. शंभर-दीडशेची वस्तू एकदम भाजीच्या भावात आली.

त्या काळातलं आपलं तालुक्याचं गाव आठवा. लोडशेडिंग सांभाळून टीव्ही बघायचा. व्हीसीडी लायब्ररीतून दहा-वीस रुपयांत तबकडी आणायची. ती गल्लीतल्या चार घरांत फिरून संध्याकाळी परत जायची. केबलवाल्याचा स्वतःचा एक चॅनल असायचा. त्यानं 'हनुमान'ची एक तबकडी लावली की गावातल्या कितीतरी घरांत एकाच वेळी हनुमान उडायचा. कंपनीच्या वहीत त्याची नोंद काय? एक तबकडी, रुपये चौतीस. किंवा चोरीची असेल, तर शून्य. आज मोबाइलवर 'व्ह्यूज' मोजतात, तिथेही तीच गत. एका लेकरानं वीस वेळा पाहिलं तर वीस; वीस लेकरं एका मोबाइलवर वाकून बसली तर एक. 'महावतार नरसिंह' सप्टेंबरात नेटफ्लिक्सवर गेला. तिथे तो कोण किती वेळा बघतं, याचं तिकीट निघत नाही.

आणखी एक फरक आहे, आणि आमच्या मते तो सगळ्यात महत्त्वाचा. श्रेक कुणाच्या तरी मालकीचा आहे. हनुमान कुणाच्याच मालकीचा नाही. नरसिंहाचं एखादं चित्र कंपनीचं असू शकतं. नरसिंह कंपनीचा होत नाही. त्यामुळे अमेरिकेत जशी कॅसेट, खेळणी, दप्तर, डबा अशी कमाई वर्षानुवर्षं मालकाकडे येत राहते, तशी देवाच्या चित्रपटातून येणं कठीण. हैदराबादच्या ग्रीन गोल्डनं 'छोटा भीम' २००८ मध्ये पोगोवर आणला. नाव महाभारताचं, पण पोरगा त्यांचा स्वतःचा. म्हणून तो दप्तरावर आणि डब्यावर बसू शकला. देवावर चित्रपट काढणाऱ्याची अडचण वेगळी आहे : गोष्ट फुकट मिळते, गिऱ्हाईक आधीच तयार असतं, पण पुढची मिळकत राखून ठेवता येत नाही. मग सगळा जोर थिएटरातल्या पहिल्या काही आठवड्यांवर. आणि चित्रपटाची घडणही त्या आठवड्यांसाठीच होते : मोठा आवाज, मोठी लढाई, टाळ्या.

इथे आम्ही चित्रपटाच्या गुणदोषांकडे येतो. प्रल्हादाचा भाग आम्हाला आवडला. पोराचा हट्ट आणि बापाचा हट्ट समोरासमोर येतात, तिथे चित्रपट जिवंत होतो. चेहरे मात्र बऱ्याच ठिकाणी ताठर आहेत. डोळ्यांत पाणी येतं, पण गाल हलत नाही. आणि शेवटचं युद्ध लांबतच जातं. थिएटरात ते अंगावर येतं हे मान्य. पण घरी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बघताना त्यात नवं काय सापडतं?

इथून अर्ध्या-पाऊण तासावर वेरूळ आहे. पंधरावं लेणं, दशावतार. तिथे हाच प्रसंग आठव्या शतकातल्या कारागिरानं कोरला आहे. त्यानं पोट फाडण्याचा क्षण घेतला नाही. दोघंही उभे आहेत. हिरण्यकशिपूच्या हातात अजून ढाल-तलवार आहे, आणि सिंहाचा हात त्याच्यावर पडला आहे. पुढे काय होणार हे बघणाऱ्याला ठाऊक आहे, आणि त्या राजाला नुकतंच कळतं आहे. त्या एका क्षणापुढे आम्ही कितीदा उभे राहिलो असू, दर वेळी काहीतरी उरतंच. त्या लेण्याचा पहिल्या आठवड्याचा गल्ला कुणी लिहून ठेवलेला नाही. (हशा) मुलांच्या चित्रपटाला आम्ही हीच कसोटी लावू : विसाव्या वेळी बघताना उरतं किती? घरच्या व्हिडिओचं मोल खरं तर याच गोष्टीत होतं. मूल एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मागतं. गल्ला ती मागणी मोजू शकत नाही. समीक्षकानं तरी ती मोजली पाहिजे.

शेवटचा मुद्दा आपल्या घरचा. हा चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा पाच भाषांत आला : हिंदी, तेलुगू, तमिळ, मल्याळम आणि कन्नड. म्हणजे कन्नडमध्ये आला, पण आमच्या कन्नडच्या भाषेत नाही आला! (हशा) हसलात, पण जरा विचार करा. आपलं लेकरू प्रल्हादाला हिंदीत बोलताना ऐकतं, आणि आपल्याला त्यात काही खटकत नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये आगकाड्या हलवून 'आगकाड्यांची मौज' केली, तेव्हा हा खेळ आपल्या मातीत सुरू झाला होता. २०१८ मध्ये 'प्रभो शिवाजी राजा' हा मराठी ॲनिमेशनपट आला. मधल्या काळात अशी नावं बोटांवर मोजावीत इतकी कमी. निर्माता म्हणतो, मराठीत आकडा होत नाही. आकडा म्हणजे तिकीटबारीचा, पहिल्या तीन दिवसांचा. मराठी घरात दहा वर्षं पुन्हा पुन्हा पाहिली जाणारी गोष्ट त्याच्या हिशेबातच येत नाही, म्हणून ती तयार होत नाही. अपुऱ्या प्रमाणावरून काढलेल्या निष्कर्षाची किंमत ही अशी मोजावी लागते, आणि ती आपली लेकरं मोजतात.

(श्रोत्यांतून प्रश्न : सर, मग आकडे बघायचेच नाहीत का?)

बघायचे की! पण आधी त्यांना आडनाव विचारायचं : ग्रॉसचा, नेटचा, की निर्मात्याच्या हातातला? आणि एकूण बेरजेपेक्षा चढउतार बघा. पहिल्या दिवशी दोन कोटींच्या आत असलेला चित्रपट पुढे चढत गेला, यातून एक गोष्ट रास्तपणे अनुमानता येते : ज्यांनी पाहिला त्यांनी इतरांना जा म्हणून सांगितलं. 'महावतार नरसिंह'ला हे श्रेय द्यायलाच हवं, आणि आम्ही ते आनंदानं देतो. त्यावरून चित्रपट उत्तम आहे हे सिद्ध होत नाही. लोकांना तो आवडला एवढंच सिद्ध होतं. आणि श्रद्धेचं म्हणाल, तर प्रल्हादाच्या गोष्टीतला हिरण्यकशिपूच स्वतःच्या मोठेपणाचे पुरावे मोजत बसलेला असतो. प्रल्हादाकडे मोजून दाखवण्यासारखं काहीच नव्हतं.

वेळ संपली आहे. पुढच्या वेळी उपमान या प्रमाणाविषयी बोलू.