सुपरहिरोईनला काम काय?

आपल्याकडच्या कॉमिक्समधली सुपरहिरोईन बहुतेक वेळा देव्हाऱ्यातून येते, नाहीतर जखमेतून. राज कॉमिक्सची ‘शक्ती’ कालीमातेच्या कृपेने घडली. 2014 साली राम देविनेनी, डॅन गोल्डमन आणि विकास मेनन यांनी ‘प्रियाज शक्ती’ काढलं, त्यातली प्रिया दोन्हीकडून येते. दिल्लीतल्या डिसेंबर 2012 च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर हे कॉमिक सुचलं. बलात्कारानंतर घरच्यांनीच हाकलून दिलेली खेड्यातली मुलगी, तिच्या मदतीला धावणारी पार्वती, आणि ज्या वाघाची भीती वाटत होती त्याच्याच पाठीवर तिचं बसणं. वाघाचं ते चित्र खरोखर जमलेलं आहे. भीतीलाच वाहन करणं ही कल्पना वाचणाऱ्या मुलीच्या मनात घर करते.

पुढच्या अंकांत मात्र प्रियाचं काय झालं ते बघा. 2016 मध्ये ॲसिडहल्ले, 2019 मध्ये मुलींची तस्करी, 2020 मध्ये कोरोनाचा मास्क. सरकारी कचेऱ्यांत जसे पंधरवडे साजरे होतात, तसा दर अंकाला नवा विषय. यातला एकही विषय फालतू नाही, उलट एकेक विषय आयुष्य पुरणारा आहे. पण प्रियाला स्वतःचं असं भांडण उरलं नाही. तिला काय आवडतं, कशाचा कंटाळा येतो, कोणाशी तिचं पटत नाही, काही कळत नाही. ती यायची, समजावून सांगायची आणि पुढच्या विषयाकडे निघायची. अशा बाईला पाहुणी म्हणतात. नायिका गावात राहते, आणि केलेल्या कामाचे परिणाम तिला तिथेच भोगावे लागतात.

अमेरिकेत तरी वेगळं काय झालं? 1941 मध्ये विल्यम मार्स्टनने वंडर वुमन उभी केली. रक्तदाबावरून खोटं पकडण्याच्या तंत्रावर काम केलेला हा मानसशास्त्रज्ञ, म्हणून नायिकेच्या हाती त्याने दिला खरं बोलायला लावणारा दोर. पुढच्याच वर्षी दुसऱ्या लेखकाने तिला वीरांच्या संघटनेत घेतलं आणि काम दिलं सेक्रेटरीचं. पुरुष लढाईवर निघायचे, ही मागे राहून कागदपत्रं सांभाळायची! 2016 साली संयुक्त राष्ट्रांनी तिला महिला सक्षमीकरणाची मानद राजदूत केलं आणि तिथल्याच कर्मचाऱ्यांच्या विरोधानंतर दोन महिन्यांत ते गुंडाळलं. ‘स्त्रीशक्ती’ एवढं मोठं काम दिलं की कामच उरत नाही, फक्त पोस्टर उरतं. याउलट 2014 च्या ‘मिस मार्व्हल’ मालिकेतली कमला खान. जर्सी सिटीतली शाळकरी मुलगी, घरचे पाकिस्तानी वळणाचे, रात्री बाहेर जायची परवानगी नाही. तिचा पहिला मोठा शत्रू तरुण पोरांना निरुपयोगी ठरवून त्यांच्याच शरीरातून वीज काढतो, आणि त्या पोरांनाही ते पटलेलं असतं. कमलाचं भांडण तिच्या वस्तीतलं, तिच्या वयाचं आहे. म्हणून ते जगभर कळलं.

मराठीत तर या जागी रिकामी चौकटच आहे. इंद्रजाल कॉमिक्स मराठीतही यायचं, पण त्यातला वेताळ, म्हणजे फँटम, आपला नायक आणि डायना त्याची प्रेयसी. ‘अमर चित्रकथे’त झाशीची राणी आहे, पण ती इतिहासाने आधीच ठरवून दिलेल्या वाटेने जाते. पडद्यावर मुंबईच्या वाडिया मूव्हीटोनने 1935 मध्येच ‘हंटरवाली’ आणली होती, बुरखा चढवून चाबूक फिरवणारी नादिया. ती मजेत मारामारी करायची, हे तिचं मोठेपण. आपल्या नंतरच्या नायिकांना हसायला कोणी परवानगीच दिली नाही.

सुपरहिरोईनला काम काय, या प्रश्नाचं उत्तर मला भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात सापडण्यासारखं वाटतं. आंधळगाव हे कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या कापडाचं गाव, कोष्टी विणकरांचं. जवळच मोहाडीला चौंडेश्वरीचं मंदिर आहे. हीच चौंडेश्वरी देवांग कोष्ट्यांची कुलदेवता, आणि तिची कथा कुठल्याही कॉमिकच्या पहिल्या अंकाला लाजवील अशी आहे. देवांना आणि माणसांना अंग झाकायला वस्त्र हवं म्हणून देवल ऋषी विष्णूच्या नाभिकमळाचे तंतू आणायला जातो. परतीच्या वाटेवर राक्षस ते सूत हिसकावायला येतात. देवी डोळे दिपवणाऱ्या तेजात प्रकटते, राक्षसांना मारते, आणि त्यांच्या रक्तात बुडवून सुताला रंग चढतात. या देवीला जगातला सगळा अधर्म नष्ट करायचा नाही. सूत मागापर्यंत पोचलं पाहिजे, एवढंच तिचं काम. हे एवढंसं काम धड करण्यासाठी तिला अख्खं युद्ध करावं लागतं, म्हणून कथा उभी राहते.

आता तेच काम आजच्या आंधळगावात आणून ठेवा. विदर्भात कोसा येतो जंगलातून. ढिवर समाजाची माणसं ऐन-अर्जुनाच्या झाडांवर किडे पोसतात, पाखरांपासून राखतात. कोश उकळतात, मग सूत काढतात. कोशाच्या मुलखात हे सूत बायकांनी मांडीवर काढायची जुनी रीत. चार-पाच कोशांची टोकं एकत्र धरायची, उघड्या मांडीवर तळव्याने वळायची आणि असंच दिवसभर. मांडीची कातडी सोलून निघते. ही रीत मोडावी म्हणून केंद्रीय रेशीम मंडळाने ‘बुनियाद’ नावाचं सूत काढायचं यंत्र आणलं. नंतर ताणा, ताण्याला खळ लावायची पाजणी, धोट्यासाठी कांड्या भरणं. पाजणीला सगळं घर राबतं, कांड्या भरतात बायका आणि पोरं. करवतकाठी लुगड्याच्या काठावरचे करवतीचे दाते तीन धोट्यांनी विणले जातात, एकट्या माणसाला ते झेपत नाही. पण ‘विणकर’ कोण असं विचारलं तर बोट मागावर बसलेल्या पुरुषाकडे जातं. कांडी भरणारी घरकाम करते असं धरतात. आंधळगावच्या सुपरहिरोईनचं काम इथे सुरू होतं: सूत मागापर्यंत पोचतं ते ज्या हातांनी, त्या हातांचा हिशेब मांडायचा. एवढंच, पण दर अंकात.

हे रुक्ष होईल, असं म्हणणाऱ्यांनी ‘मीना’ आठवावी. युनिसेफसाठी मुंबईच्या राम मोहन यांच्या हातून घडलेली नऊ वर्षांची मीना, भाऊ राजू, पोपट मिठू. तिला उडता येत नाही, आणि आंबा वाटताना राजूला मोठी फोड मिळते एवढंच तिचं भांडण. मग बहीण-भाऊ एक दिवस कामं आणि जेवण अदलाबदल करतात आणि राजूची दमछाक होते. पोरं हसतात, आणि हसता हसता त्यांना हिशेब कळतो. महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत पुढे मीना-राजू मंच निघाले, ते या छोट्या भांडणाच्या जोरावर. मीनाही संस्थांच्या निधीवर चालणारी, प्रियासारखीच. फरक असा की तिचा प्रश्न चुलीपाशीच उगवतो, वरून पाठवावा लागत नाही.

खलनायक निवडताना मात्र जपायला हवं. मागावर बसलेल्या नवऱ्याला राक्षस करणं सोपं, आणि तिथेच कॉमिक फसेल. त्याची मजुरी आधीच पॉवरलूमच्या नकली कोशाने खाल्ली आहे. बाजारात कृत्रिम धाग्याचं कापड ‘कोसा’ म्हणून विकलं जातं आणि गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. कोष्ट्याला कळतो. धाग्याचं टोक पेटवलं की खऱ्या रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. नकली धागा वितळून त्याची कडक गुठळी होते. नायिकेची शक्ती मी इथूनच घेईन: धागा बोटांत धरला की तो कोणी काढला, कोणाला किती मिळाले आणि मध्ये किती गळाले हे तिला दिसावं. मार्स्टनच्या दोराने माणूस खरं बोलायचा, इथे लुगडंच बोलेल.

मग तिच्या अडचणीही येतील. पहिलाच हिशेब तिच्या आईचा निघेल आणि तो बापाच्या विरुद्ध जाईल. दुसऱ्या अंकात व्यापारी बापाला सांगेल, पोरीला आवर, नाहीतर तुझा माल घेत नाही. बाप काय करतो हे प्रियाच्या कॉमिकमध्ये कधी विचारावंच लागलं नाही, कारण तिथे घरच्यांचं काम तिला हाकलून देण्याबरोबर संपलं. इथे ते संपत नाही. रात्री ती याच घरात जेवणार आहे, सकाळी पाजणीला तिलाच ताण्याचं दुसरं टोक धरायचं आहे.