मोकळ्या जागेचा हिशेब

संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा कसा लिहिलेला असतो, हे विद्यार्थ्यांना मूळ प्रोग्रॅम वाचूनच कळावे, या हेतूने सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील जॉन लायन्स यांनी १९७७ मध्ये युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीवर भाष्य लिहिले. परवान्याच्या अटींमुळे ते अनेक वर्षे झेरॉक्स प्रतींवरच फिरले आणि १९९६ मध्ये पुस्तकरूपाने निघाले. त्यात छापलेला स्मृतिवाटपाचा प्रोग्रॅम शिक्षकांनी जरूर वाचावा, असे आम्हांला वाटते. त्यातील गुणासाठी आणि उणिवेसाठीही.

गाभ्यापाशी मोकळ्या जागांची एक यादी असते. प्रत्येक नोंदीत दोन आकडे: जागा कोठे सुरू होते आणि ती केवढी आहे. यादीत १०० आकडे, म्हणजे ५० नोंदी मावतात; शून्याची नोंद आली की यादी संपली. ‘मॅलॉक’ हा भाग पुरेशी असलेली पहिली जागा काढून देतो. न मिळाल्यास शून्य कळवतो. ‘एमफ्री’ परत आलेली जागा शेजारच्या मोकळ्या जागेला जोडतो. शेजार मोकळा नसेल तर नवी नोंद घालतो. इतक्या थोड्या ओळींत हे बसवणे खरोखर दाद देण्याजोगे आहे.

उणीवही येथेच आहे. जागा मागताना नकार मिळू शकतो, हे लिहिणाऱ्यांनी ओळखले. पण जागा परत घ्यायलाही यादीत एक ओळ लागते! ती शिल्लक आहे का, हे ‘एमफ्री’ पाहतच नाही. हजेरीपटाच्या ओळी संपल्यावर शेजारच्या वर्गाच्या पानावर नावे लिहीत सुटावे, तसा तो यादीपलीकडच्या माहितीवर लिहितो. बिघाड मग भलतीकडेच दिसतो. त्या काळच्या पीडीपी-११ यंत्राच्या लहानशा स्मृतीत यादी भरणे अवघड होते, हे खरे; पण क्वचित घडणारी चूकच शोधायला कठीण असते.

बर्कली विद्यापीठाच्या १९८३ च्या ४.२ बीएसडी आवृत्तीत ही तपासणी आहे. यादी भरली तर एक तुकडा सोडून दिला जातो आणि कोणता तुकडा गमावला, हे संदेशाने कळवले जाते. तेवढी स्मृती वाया जाते, म्हणून हा इलाज पूर्ण नाही. तरी आम्ही त्याला योग्यच म्हणू; नुकसान थोडे होते आणि ते लपत नाही.

वर्गात उत्तर बरोबर आले की आपण प्रोग्रॅमला पूर्ण गुण देतो. ‘यादी भरली तर?’ हा प्रश्न विचारून मगच गुण द्यावेत.