ठोके सुधारले, रुग्ण दगावले

‘डेडली मेडिसिन’ : थॉमस जे. मूर, सायमन अँड शुस्टर, १९९५

हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या अनेक रुग्णांच्या हृदयात अधूनमधून अवेळी ठोके पडतात. असे ठोके पुष्कळ असणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाणही अधिक आढळते. तेव्हा औषधाने ठोके दाबले की मृत्यू टळतील, असा तर्क १९८० च्या दशकात रूढ होता. अमेरिकेत त्याचे काय परिणाम झाले, याची हकिकत मूर यांनी या पुस्तकात सांगितली आहे.

हा तर्क पडताळण्यासाठी ‘कास्ट’ ही चाचणी झाली. औषधाने ज्यांचे ठोके खरोखर कमी होतात, असेच रुग्ण तीत निवडले होते. सरासरी दहा महिन्यांत एन्केनाइड किंवा फ्लेकेनाइड घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले. औषधविरहित गोळी घेणाऱ्या ७४३ जणांपैकी २६. एप्रिल १९८९ मध्ये ही औषधे थांबवावी लागली.

असे का व्हावे? विद्युतलहर गेल्यावर स्नायू क्षणभर विश्रांती घेतो. त्या काळात तो दुसऱ्या लहरीला दाद देत नाही. म्हणून लहर उलटून आली तरी विझते. झटक्यानंतर स्नायूत व्रण राहतो. त्याला वळसा घालणारी लहर पुरेशी मंद असेल, तर ती परतेपर्यंत स्नायू ताजातवाना झालेला असतो. मग लहर त्याच वर्तुळात फिरत राहते आणि हृदयाची लय बिघडते. ही औषधे पेशींत शिरणारा सोडियमचा प्रवाह रोखतात. त्यामुळे सुटे ठोके कमी होतात, पण लहरही मंदावते. म्हणजे वर्तुळ पुरे व्हायला मदतच!

पुस्तकाचा मुख्य रोख औषधकंपन्या, मंजुरी देणारे सरकारी खाते आणि डॉक्टर यांच्यावर आहे, आणि तो अनाठायी नाही. परंतु दोन गोष्टी आम्हाला खटकतात. उपशीर्षकात हजारोंच्या संख्येने मृत्यू झाल्याचे ठासून म्हटले आहे. ६३ आणि २६ हे मोजलेले आकडे आहेत, हा अंदाज आहे. हा फरक वाचकाच्या मनावर ठसायला हवा होता. दुसरे म्हणजे, ‘जीवघेणे औषध’ हे नावच दिशाभूल करते. हृदयात व्रण किंवा अन्य रचनादोष नसलेल्या निवडक रुग्णांना फ्लेकेनाइड आजही दिले जाते. झटक्यानंतरच्या रुग्णांत मृत्यू कमी करणारी बीटा-रोधक औषधेही आहेत.

चूक होती ती लक्षणालाच कारण मानण्यात. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे शिकवताना याहून बोलके उदाहरण आम्हाला ठाऊक नाही. शिक्षकांनी पुस्तक जरूर वाचावे; मात्र वर्गात सांगताना सुरुवात खलनायकांपासून न करता त्या तर्कापासून करावी.